साडेतीन महिन्यांचा रकाना

डिसेंबरात दोंडाईच्यात
दवाखान्याची खिडकी उघडली की आधी मिरची आत येते,
मग पेशंट.
शिंक आवरून मी वही उघडते.
रकाने भामरे डॉक्टरांनीच आखलेत, फूटपट्टी जरा सरकलेली:
जन्म. दीड. अडीच. साडेतीन. नऊ.
पहिल्या रकान्यात खुणांची दाटी,
मग विरळ, मग आणखी विरळ,
तिसऱ्या वेचणीच्या कपाशीसारखी.

कॉम्प्युटरवाल्या मुलाने मेसेज बसवून दिला होता:
'प्रिय पालक, आपल्या पाल्याचे लसीकरण देय आहे.'
दुपारी बाराच्या ठोक्याला आपोआप जायचा.
एकशे चाळीस घरांत गेला,
आले अकरा.
योजना गिरासे नंतर म्हणाली,
ताई, 'देय' वाचलं आणि मला वाटलं लाईटबिल.

रविना भीलला शोधत मी पथारीवर गेले.
वाट चुकले म्हणून तिलाच फोन लावला,
तर तो माझ्या समोरच वाजत होता,
तिच्या कमरेच्या पिशवीत.
लाल ढिगापाशी उकिडवी बसून ती देठ खुडत होती,
आणि पिशवीकडे नुसती बघत होती.
मला पाहून दोन्ही हात पुढे केले.
नखांच्या मुळापर्यंत आग.
"या हातघाई फोन कसा धरू, बाई?
पोऱ्याले बी हात लावस नही मी, सांज पडस तवलोंग."
पोर पलीकडे निंबाखाली, ओढणीच्या झोळीत,
सहा वर्षांची बहीण झोका देतेय
नाकाला फडकं बांधून.

मी महिनाभर रोज बाराला
या हातांना मेसेज पाठवत होते.

आता रात्री साडेआठला फोन लावते.
हातांना तेल चोळून झालेलं असतं, भाकरी झालेली असते,
मागे कुणाचं तरी टीव्हीवर भांडण चालू.
प्रिय पालक म्हणत नाही.
म्हणते, रविना, परवा बुधवार शे,
तुन्हा पोऱ्यानी तिसरी सुई बाकी शे.
ताप येई. एक रात रडी. घाबरू नको.
ताप येणार हे आधी सांगितलं की माणसं येतात.
न सांगता आला, की पुढच्या वेळी येत नाहीत,
आणि त्यांचं काय चुकलं?

शबनूर पिंजारीचा नंबर म्हणजे तिच्या दिराचा.
तो 'सांगतो' म्हणतो, फार अदबीने,
आणि सांगत नाही.
तिच्यासाठी चक्कीवाल्या दगाभाऊंना गाठलं.
दळणाचा डबा आला की झाकणावर ते खडूने लिहितात: सुई.
दोनदा लिहून झालं.
दोन्ही वेळा डबा घेऊन गेला तो दीरच.

काही नंबर अस्तित्वातच नाहीत.
ते सांगणाऱ्या बाईचा आवाज इतका गोड
की मी एकदा चुकून तिला म्हटलं, बरं.

फेब्रुवारीच्या शेवटी, रात्री अकराला, अनोळखी नंबर.
"बाई, मी रविना. आमी सुरतले शेतस.
नऊ महिनानी सुई आठेच टोची लिधी.
तुन्ही वहीमा लिखी ले."
पुढे काही बोलायच्या आत गाडीचा हॉर्न, फोन बंद.
वही दवाखान्यात, मी अंथरुणात.
अंधारात तळहातावर लिहून ठेवलं,
सकाळी भांडी घासताना जपलं.

डॉक्टर म्हणाले, लस आपण दिली नाही,
खूण आपली कशी?
मी काही बोलले नाही.
रकान्यात हिरव्या पेनाने खूण केली,
शेजारी बारीक अक्षरात: सुरत.
दुपारी पाहिलं, तर डॉक्टरांनी
त्या 'सुरत'खाली एक रेघ ओढली होती.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आज बुधवार. बाहेर अकरा चपला.
शबनूरचा साडेतीनचा रकाना अजून कोरा.
चक्की दहाला उघडते.
आज डब्याची वाट बघणार नाही,
मीच दळण घेऊन जाते,
रांगेत उभी राहते.